अर्धं राहिलेलं इंजिन

ईरा, नील, हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. अडलं तर बाबांना विचारा. आजोबांना जाऊन महिना उलटून गेला. इतक्यात काही लिहायचं मनात नव्हतं, पण परवा फोनवर ईरानं विचारलं, "आजी, मग आतली ज्योत विझत का नाही, ते आता कोण सांगणार?" उत्तर मला ठाऊक होतं, पण "नंतर सांगते" म्हणून मी फोन ठेवला. म्हणून लिहून पाठवते.

तुम्हाला आठवतच असेल, शेवटच्या रविवारी आजोबा तुम्हाला व्हिडिओ कॉलवर विमानाचं इंजिन सांगत होते. पुढून वारा ओढायचा, पात्यांच्या रांगांमधून दाबत दाबत न्यायचा, त्यात इंधन पेटवायचं, आणि तापून फुगलेला वायू मागे सोडायचा. जाता जाता तो वायू मागची पाती फिरवतो, ती पाती मधल्या दांड्यावरून पुढची पाती फिरवतात, म्हणजे इंजिन स्वतःच स्वतःला श्वास पुरवतं. इथवर आल्यावर नील म्हणाला, "पण एवढ्या वाऱ्यात मेणबत्तीसुद्धा राहत नाही!" आजोबा इतके खूश झाले की खुर्चीत सरसावून बसले. म्हणाले, "शाब्बास! खरा प्रश्न हाच. पण आज नाही. आठवडाभर डोकं खाजवा, पुढच्या रविवारी सांगतो." त्यांची ही सवयच होती, प्रश्न थोडा मुरू द्यायचा. तो रविवार आला नाही. शुक्रवारी दुपारी छातीत कळ आली, शहापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं... दवाखान्याच्या बाकावर बसले असताना, कसं कोण जाणे, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की मुलांचं इंजिन अर्धं राहिलं.

त्यांची सारी नोकरी विमानतळाच्या वर्कशॉपमध्ये, इंधनाच्या विभागात गेली. वैमानिक वेगाचा दांडा पुढे ढकलतो म्हणून लागेल तेवढं इंधन इंजिनात ओतून चालत नाही. जास्त गेलं तर पाती भाजतात, कमी गेलं तर ज्योत विझते. किती आणि कधी सोडायचं हे ठरवणारी यंत्रणा ते उघडत, धूत, तपासत. मी शहापूरला शाळेत इंग्रजी शिकवायची, ते आसनगावहून लोकलनं ये-जा करायचे. घरी आले की हाताला रॉकेलसारखा वास. निवृत्तीनंतर इथं सापगावात राहायला आल्यावर तो वास गेला, पण काम सुटलं नाही. शेजारचा बाळू भातावरच्या फवारणीचा पंप घेऊन यायचा.

"काका, ह्यो नुसती धार मारतोय, फवारा नाय मारत."

"नोझलमध्ये कचरा अडकलाय. तोंडानं फुंकू नकोस बाबा, विष आहे ते."

"आमी कुठं फुकतो? ही आमची फुकंल एक दिवस, मंग सुटलो मी!" आणि मग माझ्याकडे वळून, "काकी, इमानाचा मेकॅनिक आमच्या पंपावं आला, पगार काय देऊ ओ?"

"चहा मी देते, पगार तू बघ," मी म्हणायची. आजोबा नोझल साफ करून साधं पाणी भरत आणि जुन्या वर्तमानपत्रावर फवारा मारून बघत. सगळीकडून सारखा गोल उमटला की मान डोलावत. "धार पेटत नाही बाळू, धुकं पेटतं. इंजिनातही असंच."

मुरबाडकडे त्यांचं मूळ गाव. अस्थी तिथंच, काळू नदीत सोडल्या. फुलं वाहून गेली, पण एक झेंडू मोठ्या दगडामागे अडकला. अडकला म्हणजे कशाला टेकला नव्हता. पाण्यात नुसता गरगरत होता. पुढे जाई, पुन्हा मागे येई. आजोबांच्या धाकट्या बहिणीनं, आमच्या ताईंनी, माझा हात धरला. "वयनी, दादा जात नाय गो. मागं वढतोय. काय राह्यलं त्याचं? सांग, आमी करू."

"इंजिन सांगायचं राहिलं," मी म्हटलं.

"काय बोलतेस गो?" ताई घाबरल्या. कुणीतरी मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. मी मात्र त्या फुलाकडेच बघत होते. लग्नानंतर पहिल्यांदा गावी आलो तेव्हा याच काठावर त्यांनी मला पाण्यात पान टाकून दाखवलं होतं. दगडाच्या दोन्ही बाजूंनी पाणी धावतं, पण दगडाच्या पाठीशी ते उलटं वळतं, आणि पान तिथंच राहतं...

तर मुलांनो, उत्तर असं. पहिली गोष्ट, सगळा वारा ज्योतीवर येतच नाही. बराचसा बाजूनं काढून दिलेला असतो. जो येतो, त्याला इंधनाच्या नोझलभोवतीची तिरपी पाती गरगर फिरवतात. त्या भोवऱ्याच्या मधोमध वारा उलटा फिरतो आणि जळून तापलेला वायू मागे घेऊन येतो. तो परतलेला वायूच नव्या धुक्याला पेटवतो. ठिणगी सुरुवातीला लागते. एकदा पेटलं की ज्योत आपली आपण टिकते. नील, मेणबत्तीच्या मागे कुणी परत येत नाही, म्हणून ती विझते.

हे लिहून झाल्यावर मी मोठ्यानं वाचून पाहिलं. इंजिनांच्या आवाजानं आजोबांचे कान फार पूर्वीच गेले होते, त्यामुळे या घरात सगळं मोठ्यानंच बोलावं लागे. बाळूची बायको कुंपणापलीकडून म्हणाली, "काकी, कोनाशी बोलताव?" कुणाशी नाही, म्हटलं. चुकलं असतं तर त्यांनी मध्येच टोकलं असतं. कुणी टोकलं नाही. चहा झाल्याचंही मी अजून ओरडूनच सांगते, मग एकच कप गाळते. त्यांचं सांगणं आता तुमच्याकडे आहे. माझ्याकडे हा चढलेला आवाज राहिला आहे.