डोक्यावरचा पदर

अमरावतीत माझं क्लिनिक आहे. विस्मरणाचे पेशंट माझ्याकडे येत नाहीत, आणले जातात. आणणारा माणूस पेशंटची सगळी उत्तरं स्वतःच देऊन टाकतो आणि माझं डोकं फिरतं. आज कोणता वार, असं मी आजींना विचारावं आणि सूनबाईंनी ऐटीत "मंगळवार" म्हणावं! अहो बाई, परीक्षा तुमची नाही.

दर्यापूरकडचे ते आजोबा मात्र एकटेच बायकोला घेऊन आले होते. उंच, वाळकेसे शेतकरी. जीपमधून उतरल्यापासून त्यांनी आजींचा दंड धरून ठेवला होता. भाजीत मीठ दोनदा पडतं, दूध उतू जातं, मागे एकदा चपला फ्रिजमध्ये सापडल्या, एवढीच त्यांची तक्रार. "वय झालं मॅडम, बाकी काई नाई," असं निदानही त्यांनीच करून टाकलं.

मी आजींना यजमानांचं नाव विचारलं. त्यांनी मान खाली घातली आणि हसल्या. आजोबाही हसले. "थे नाव नाई घेत माहं. कधीच नाई घेतलं."

इथेच आमची तपासणी अडते. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आठवत नसलं तरी नुसतं लाजलं की भागतं, वर घरच्यांना कौतुक वाटतं. म्हणून मी उखाणा घ्यायला लावते. आजींनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. यमक जुळत आलं आणि नावाच्या जागी त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडल्या. मग त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. एसटीत शेजारी येऊन बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"लाजून राहिली," आजोबा म्हणाले. "आता त जास्तच लाजते मॅडम. मी घरात आलो का डोक्यावर पदर घेते. नवी नवरी होती तवा घे, तसा."

हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

त्यांना बाहेर बसवून मी आजींना विचारलं, तुमच्यासोबत आलेत ते कोण?

"चांगला माणूस हाये थो," त्या हळूच म्हणाल्या. "मले चहा करून देते, गोळ्या देते. पण लोकाच्या घरी किती दिवस राहू, बाई? आमचे मालक वाट पाहत असतीन."

रक्ताच्या तपासण्या झाल्या, एमआरआय झाला. थायरॉइड किंवा जीवनसत्त्वाची कमतरता निघावी अशी मी मनातून आशा धरून होते, कारण त्यावर इलाज असतो. तसं काही निघालं नाही. एरवी मी फटकळ आहे, पण त्या दिवशी शब्द निवडून बोलले. गोळ्यांनी आजार थोडा सावकाश पुढे जाईल, बरा होणार नाही, हे सांगितलं. वाद घालू नका, मला ओळखलं का म्हणून सारखं विचारू नका, त्या घाबरल्या तर थोडं बाजूला व्हा, हेही सांगितलं.

आजोबांनी एकच विचारलं. "मंग थे पदर मले पाहून नाई घेत?"

"तुम्हाला पाहूनच घेतात," मी म्हणाले. "पण परका पुरुष समोर आला की घेतात, तसा."

निघताना आजी उठल्या, तेव्हा आजोबांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. "सिस्टर, तुमी धरा तिले," एवढंच माझ्या नर्सला म्हणून ते पुढे चालायला लागले.

काही महिन्यांनी दोघं पुन्हा आले. सोबत पुतणी होती, तिने आजींचा हात धरला होता. आजींचं वजन वाढलं होतं, चेहऱ्यावरची भीती गेली होती. आधी रात्र रात्र भिंतीला टेकून बसायच्या, आता शांत झोपतात, असं पुतणी म्हणाली. नवीन गोळी लागू पडली म्हणून मी खूश झाले आणि तसं बोलूनही दाखवलं.

"गोळी तुमी म्हणाल्या तशीच देतो," आजोबा म्हणाले. "पण झोपाले मी आता भावाच्या घरी जातो. हे पोरगी राहते तिच्याजवळ. घरात परका माणूस असला, त बाईमाणसाले झोप कशी लागन, मॅडम?"