ओढ्यापलीकडून आलेली हाक

आधीच सांगून टाकते – मी भूल देणारी डॉक्टर. माणसं शुद्धीतून जाताना आणि परत येताना पाहण्यात माझं आयुष्य गेलं. मधल्या वेळात मला कधी आत्मा-बित्मा दिसला नाही. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते हसायला. आता माझ्यावर कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा... घडलं ते मी सांगणारच.

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला राहते, रिटायर्ड आहे. माझी मुलगी इरा इथेच जन्मली. कॉलेजात असताना तिला शिकारीचा नाद लागला. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या काकूंनी नाकं मुरडली, पण मी मूळची नागपूरची – तिने आणलेल्या हरणाच्या मटणाला सावजी मसाला लावते आणि मिटक्या मारत खाते. पुढे आम्ही दोघींनी मिळून गावाबाहेर, बऱ्याच लांब, पाइनचं थोडं जंगल घेतलं. एका कडेला ओढा. ओढ्यापलीकडे दाट झुडपं आणि चिखल. तिकडे घर नाही, रस्ता नाही.

गेल्या शिकारीच्या सीझनला आमच्या जागेत घुसखोरी सुरू झाली. हद्दीवरच्या झाडांना आम्ही जांभळे पट्टे मारलेत. आमच्या राज्यात त्याचा अर्थ 'आत येऊ नका', आणि तो इथल्या प्रत्येक शिकाऱ्याला कळतो. तरी गेटची साखळी कापलेली, इराची मचाण उखडून फेकलेली आणि त्याच झाडावर दुसऱ्याच कोणाची तरी लावलेली!

इरा म्हणाली, "आई, लेट्स जस्ट सेल इट."

माझं डोकंच फिरलं. जागा आपली, आणि पळायचंही आपणच?

नोव्हेंबरातली दुपार, लख्ख ऊन. आम्ही पोचलो तर आत एक अनोळखी पिकअप उभा. इराने शेरिफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ऑफिसला फोन केला. डेप्युटी निघाला होता, पण वेळ लागणार होता. तेवढ्यात आतून गोळीचा आवाज आला.

"आई, प्लीज, डोन्ट. दे हॅव गन्स!"

"आत फोन लागत नाही. तू इथे थांब, डेप्युटीला घेऊन ये," म्हटलं, नारिंगी जाकीट चढवलं आणि निघाले. शहाणपणा नव्हता म्हणाल, तर म्हणा.

ओढ्याच्या काठी, त्या मचाणीखाली दोघं उभे होते. एक दाढीवाला, माझ्याहून थोडा लहान असेल, आणि दुसरा तिशीतला. दोघांच्या खांद्याला बंदुका.

"ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे. निघा इथून," मी म्हटलं.

दाढीवाला हसला. "मॅम, माझे आजोबा इथे शिकार करायचे. तुम्ही कुठल्या?"

"मी या जागेची मालकीण. तेवढं पुरे."

त्याने खांद्यावरची बंदूक हातात घेतली. "एकट्याच आलात?"

मी जागची हलले नाही.

आणि ओढ्यापलीकडून हाक आली. बाईचा आवाज, खणखणीत, स्वच्छ मराठीत –

"थांब गं, आम्ही येतोय!"

मला वाटलं भास. पण त्या दोघांनीही माना तिकडे वळवल्या. मग पाचोळा वाजायला लागला. एखाद्या जनावराचा आवाज नव्हता तो... कितीतरी पावलं एकदम चालत येत होती. ओढ्याचं पाणी खळबळलं. झुडपं वाकत होती. वारा नव्हता, आणि दिसत कोणीच नव्हतं.

तिशीतल्याचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही... किती जण आहात?"

"पुष्कळ," मी म्हटलं. "आणि सगळ्या भडकल्या आहेत."

दोघं जवळजवळ धावतच सुटले. तो पाचोळ्याचा आवाज माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे गेला, त्यांच्या मागोमाग. मला कोणी स्पर्शसुद्धा केला नाही.

मी गेटशी आले तेव्हा डेप्युटीने दोघांना गाठलं होतं. दाढीवाला त्याला सांगत होता, "जे काय करायचं ते करा, पण आधी त्या बायकांना थांबवा!" आणि इरा माझा हात घट्ट धरून विचारत होती, "आई, तुझ्याबरोबर कोण होतं? आय हर्ड पीपल वॉकिंग."

डेप्युटी माझ्यासोबत ओढ्यापर्यंत आला, पलीकडेही जाऊन बघून आला. चिखलात हरणांचे खूर उमटलेले होते. माणसाचं पाऊल एकही नाही.

मी खूप विचार केला. भीतीने भास होतात, मला माहीत आहे. पण सगळ्यांना एकच भास? हरणांचा कळप असेल म्हणावं, तर हरणं मराठी बोलत नाहीत. नॉर्थ कॅरोलिनातल्या त्या चिखलात मराठी बायका कुठून येणार?

जागा मी विकली नाही. ते दोघं पुन्हा फिरकले नाहीत. मैत्रिणी म्हणतात, एकदा जागेची शांत करून घे, गुरुजी झूमवरही करतात हल्ली. मी साफ नाही म्हणून सांगितलंय. ज्या माझ्यासाठी धावून आल्या, त्यांनाच हाकलू? कोण का असेनात... राहू देत तिथे, हवं तितकं.