काशिनाथ बेन चांगुणा

कोणी आजारी पडलं की लोक विचारतात, ताप किती, डॉक्टर कोण. आमचे शेजारी शमुवेलकाका विचारायचे, "आईचं नाव काय?" भातसानगरच्या वसाहतीत नवा आलेला माणूस चक्रावूनच जायचा. एका ड्रायव्हरला तर वाटलं, म्हातारा आपल्या आईचा उद्धार करतोय. बाह्या सरसावल्या होत्या त्यानं!

काका बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातले मराठी यहुदी. भातसा धरणाच्या ऑफिसात कारकून. रोज पश्चिमेला, यरुशलेमकडे तोंड करून, पाय जुळवून उभे राहायचे आणि हिब्रू प्रार्थना म्हणायचे. शब्द पूर्वापार ठरलेले. मात्र मध्ये काही ठिकाणी आपलं मागणं घालायची मुभा. काका ते कारकुनी भाषेत समजावायचे. "अर्ज छापील आहे गो. त्यात खाडाखोड नाय करायची. पण आजारपणाचा रकाना आला की आपलं माणूस भरायचं. त्याचं नाव नि त्याच्या आईचं. बापाचं कशाला? बाप औषधाला पैसे देऊन झोपतो."

एकदा समोरच्या जनीवहिनी म्हैस उठत नाही म्हणून रडत आल्या. काकांनी सवयीनं आईचं नाव विचारलं. "तिची आय गवरी," वहिनी म्हणाल्या, "पण ती सरळगावच्या बाजारात इकली." काकांनी प्रार्थनेचं पुस्तक पुढे-मागे चाळलं. मग म्हणाले, "जनी, म्हैस आजारपणात नाय बसत. पोटापाण्याच्या रकान्यात घालतो." म्हैस तिसऱ्या दिवशी उठली. नंतर आठ दिवस काकांकडे फुकट दूध येत होतं.

शनिवारी मात्र मागणं बंद. "सहा दिवस कटकट करतो आपण. एक दिवस त्याला पण सुटी नको?" त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य बुडाला की सुरू व्हायचा, आणि मग काका गाडीतसुद्धा बसत नसत.

नव्वदच्या दशकात माझे वडील काशिनाथ, आमचे अण्णा, कल्याणच्या दवाखान्यात होते. शनिवारी सकाळी पोटाचं मोठं ऑपरेशन. डॉक्टरांनी कागदावर सही घेतली आणि "सांगता येत नाही" म्हणाले. शुक्रवारी सकाळी कपडे न्यायला मी घरी आले, तर काका दारात. "काशिनाथच्या आईचं नाव काय?"

ते कोणालाच माहीत नव्हतं! अण्णा रांगत होते तेव्हा त्यांची आई गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं, आणि सावत्र आजीला वाईट वाटू नये म्हणून पहिलीचं नाव घरात कधी निघालं नाही. आजोबाही जाऊन वीस वर्षं झालेली.

"नाव नसलं म्हणून काय तुमचा देव ऐकत नाही?" मी वैतागून म्हटलं.

"ऐकतो. पण म्हणून आपण आळस करायचा? चल."

अण्णांचं आजोळ मुरबाडच्या पुढे, टोकावड्याकडे, एवढंच माझ्या आईला ठाऊक होतं. मी मनातल्या मनात काकांना शिव्या घालत एसटीत बसले. मुरबाडला गाडी बदलली, दोन गावं चुकलो. तिसऱ्या गावात अण्णांच्या आईची धाकटी बहीण सापडली. पडवीत नाचणी पाखडत होती.

"लग्नात तिचं नाव बदललं. सासरी काय हाक मारायचे, मना ठावं नाय," ती म्हणाली. "आमची ती चांगुणा." आणि सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "इतक्या वर्सांत कोणी इचारलंच नाय गो."

सूर्य डोंगराला टेकत आला होता. काकांनी पिशवीतून पुस्तक काढलं, तिथंच अंगणात उभे राहिले. भरभर हिब्रू चाललं होतं, त्यात मध्येच स्पष्ट ऐकू आलं, "काशिनाथ बेन चांगुणा." बेन म्हणजे मुलगा. बाकी एक अक्षर न कळलेल्या म्हातारीनं तेवढ्याला पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं, लपवत नाही.

"आता मना गाडी नाय," काका म्हणाले. "तू जा. मी रविवारी येतो." आणि ज्या घराची ओळख तासाभराची, तिथं ते खुशाल मुक्कामाला राहिले.

ऑपरेशन पार पडलं. आईनं नवस केला होता, डॉक्टरांनी शर्थ केली होती. कुणाचं श्रेय यावर आमच्या घरात आजही भांडण आहे. रविवारी सकाळी काका दवाखान्यात आले. शनिवारी मागायचं नाही, कुठे जायचं नाही, म्हणून दिवसभर त्यांनी म्हातारीचं बोलणं फक्त ऐकलं होतं. खाटेजवळ स्टूल ओढून ते सुरू झाले. चांगुणा झाडावर सरसर चढायची. मांजराला घाबरायची. लेकाला झोळीत घालून शेतावर न्यायची.

"आणखी सांग," अण्णा म्हणत होते.

"आणि डावखुरी होती. सगळ्यांचा विळा तिला चालायचा नाय. बापानं लोहाराकडून उलट्या दात्यांचा घडवून आणला होता."

डाव्या हातानं लिहितो म्हणून शाळेत अण्णांनी छड्या खाल्ल्या होत्या. जेवताना तो हात पुढे आला की घरात सगळे डोळे वटारायचे. त्यांनी चादरीखालून डावा हात हळूच बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला आणि मला म्हणाले, "बघ गो, आयवर गेलाय."