सहाव्या पट्टीतला प्रकाश

प्रयोगशाळेत त्यांना सगळे घासूकाका म्हणत. काचपट्ट्यांच्या कडा पाण्याच्या धारेखाली घासून आरशासारख्या करायच्या, हेच काम ते एकतीस वर्षं करत होते. कडेवर ओरखडा राहिला की प्रकाश आत नीट शिरत नाही.

त्या वर्षी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सात पट्ट्या करून घेतल्या. प्रत्येकीच्या आत लेझरने कोरलेल्या दोन वाटा, केसाच्या जाडीहूनही जवळ. एकीत सोडलेला प्रकाश शेजारच्या वाटेत झिरपतो, परत येतो. ही शेजारची वाट मुद्दाम गळकी केलेली. पहिल्या पट्टीत जराशी, सातवीत पार चाळणी. गळती वाढेल तसा पलीकडे कमी प्रकाश निघायला हवा. चौथीपर्यंत तसंच झालं. पाचवीत मात्र तो वाढला. सहावीत आणखी, सातवीत त्याहून.

"काका, कडा नीट घासल्या नाहीत."

"अहो मॅडम, कड खराब असेल तर प्रकाश कमी येईल. जास्त कसा येईल?"

"मग पहिल्या चार खराब असतील."

काकांनी सातही पुन्हा घासल्या. आकडे तेच. मग तिसऱ्यांदा. "अशाने काचच संपेल हो," ते वैतागून म्हणाले. त्यावर मॅडमना शंका आली, पट्ट्यांचे क्रमांकच उलटसुलट झाले असतील!

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "झाले असतील. परवा साखरेच्या डब्यात मीठ कोणी ओतलं?"

काका जेवणावरून उठलेच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पट्ट्यांवर वरून कॅमेरा लावला. मॅडम आल्या तेव्हा ते म्हणाले, "बघा. दुसऱ्या पट्टीत प्रकाश शेजारी जातोय आणि तिथेच गळतोय. सहावीत शेजारची वाट इतकी गळकी, की तो तिकडे फिरकतच नाही. आपल्या वाटेने सरळ बाहेर."

मॅडमनी दोन्ही पट्ट्या पडद्यावर ताडून पाहिल्या. मग फळ्यावर गणित मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं.

"काका, हे समीकरणातच होतं हो!"

"मग तीन आठवडे मला कशाला घासायला लावलं?"

"चुकलंच माझं. आता अशा वीस करू या."

काकांनी हातमोजे काढून टेबलावर आपटले आणि चार दिवसांची रजा टाकली.

पाचव्या दिवशी आले तर टेबलावर वीस पट्ट्या, वर चिठ्ठी: 'घाई नाही.'

"घाई नाही म्हणे," काका पुटपुटले आणि त्यांनी पाण्याचा नळ सोडला.