बाबा आणि माझी फिजिकल केमिस्ट्री

फिजिकल केमिस्ट्रीच्या पेपरात मी एकच उत्तर पूर्ण बरोबर लिहिलं होतं, माझा सीट नंबर. तोही एकदा खोडून.

अभ्यास केला नव्हता असं म्हणाल तर शप्पथ! थर्मोडायनॅमिक्सची सूत्रं मला झोपेतही येत होती. पण हॉलमधला पंखा घरघरला, सुपरवायझरनी पेपर समोर ठेवला आणि माझ्या डोक्यातली वीजच गेली. हात गार, तोंड कोरडं, छातीत ढोलताशा. व्हायचं तेच झालं, केटी लागली. म्हणजे वर्ग वरचा, पण बुडालेला विषय शेपटीसारखा मागे बांधलेला. माझं नाव केतकी. मैत्रिणी मला आधीपासूनच लाडाने ‘केटी’ म्हणायच्या. विद्यापीठाने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

भरपूर रडले. मग रडायचाही कंटाळा आला आणि ठरवलं, हा विषय काढणार म्हणजे काढणारच! कॉलेजात एक समुपदेशक मॅडम होत्या. त्यांचं दार कायम उघडं असायचं आणि (कुणी बघेल म्हणून) आम्ही सगळे त्या दारासमोरून कायम पळत जायचो. त्या दिवशी मी आत शिरले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "भीती जायची वाट बघत बसलीस तर आजी होशील. ती शेजारी बसलेली असतानाच लिहायचं, हे शिक." मग त्यांनी हळू श्वास सोडायला शिकवलं, पाय जमिनीवर घट्ट टेकवून आजूबाजूच्या वस्तूंची नावं मनात घ्यायला शिकवलं आणि दर रविवारी घरी, घड्याळ लावून, अगदी परीक्षेसारखा पेपर सोडवायला सांगितला.

"घरच्यांची मदत घे," असंही त्या म्हणाल्या. मॅडम माझ्या घरच्यांना ओळखत नव्हत्या.

वसईजवळ पापडीला आमची वाडी आहे. केळी, नारळ, थोडी फुलं. बाबांनी आयुष्यभर तीच केली. जेवताना मी मॅडमचा सल्ला सांगितला. (घरी आम्ही आमची बोली बोलतो, इथे तुमच्यासाठी तिला जरा इस्त्री केली आहे.)

"म्हणजे घरी परीक्षा घ्यायची. एवढंच ना?" बाबा म्हणाले. "घेऊ की!"

रविवारी मी ओटीवर टेबल-खुर्ची मांडून बसले. आईने देवघरातली घंटा वाजवली आणि आतून बाबा आले. लग्नाकार्यातली पॅंट, शर्ट आत खोचलेला, पायात पॉलिश केलेले बूट!

"अहो, घरात बूट?" आई किंचाळली.

"सुपरवायझर अनवाणी असतो का? आणि तू बोलू नकोस, हॉलमध्ये शांतता पाहिजे."

मग ते माझ्या मानेमागे उभे राहिले. हातात घड्याळ. दर थोड्या वेळाने खर्जात म्हणायचे, "वेळ जातोय हं, वेळ जातोय." माझं डोकं पुन्हा कोरं. पण मी उठले नाही. पाय टेकवले, श्वास सोडला, दिसेल त्याचं नाव घेतलं: नारळ, झाडू, बाबांचा बूट, बाबांचा दुसरा बूट. तीन तासांत एक गणित सुटलं. एकच! पण सीट नंबरपेक्षा ती प्रगतीच होती.

पुढच्या रविवारी विलासकाका आले. काका बाबांचे धाकटे भाऊ, माणिकपूरच्या बाजूला शाळेत मास्तर. त्यांनी आमचं परीक्षा केंद्र पाहिलं आणि मान हलवली.

"दादा, शिस्तच नाही. भरारी पथक कुठाय?"

"ते काय असतं?"

"मीच!" म्हणत काकांनी माझ्या पाऊचवर झडप घातली आणि कागदाची एक घडी बाहेर काढली. "सापडली! कॉपी!"

"मी नाही ठेवली!" मी ओरडले.

"सगळे असंच म्हणतात." काकांनी घडी उलगडली. आतून अंगारा सांडला, सरळ त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर. कागद वर्तमानपत्राचा होता, राशिभविष्याचा. माझ्या राशीला लिहिलं होतं: ‘कार्यात अनपेक्षित अडथळे. नातलगांपासून सावध.’

"भाऊजी, तो देवाचा अंगारा मी ठेवलाय!" आई स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन बाहेर आली.

"वहिनी, नियम म्हणजे नियम."

"मग मलाही धरा! करा माझ्यावर रिपोर्ट!"

दोघांचं जुंपलं. बाबा मध्ये पडले, तर दोघांनी मिळून बाबांनाच धरलं. तेवढ्यात शेजारच्या फिलोमावशी केळीची पानं मागायला आल्या.

"आत यायचं नाही! परीक्षा चालू आहे," बाबा दारात आडवे झाले.

"कोणाची?"

"केतकीची. परत."

"अगो बाय, परत?" मावशी हळहळल्या. "थांब पोरी, मी प्रार्थना करते." आणि त्यांनी तिथेच पायरीवर बसून, माळ काढून रोझरीचा जप सुरू केला. आत आई-काका, बाहेर मावशी, मागे बाबांचं "वेळ जातोय". त्यातच केळी न्यायला टेम्पो आला. पेपर संपल्याशिवाय भरायचा नाही, असं बाबांनी ठणकावलं. टेम्पोवाला वैतागून निघून गेला. पुढचा आठवडाभर आम्ही केळ्याची भाजी, केळ्याची भजी आणि केळ्याचं शिकरण खाल्लं.

पण गंमत म्हणजे त्या गोंधळात मी लिहीत होते! भीती होतीच. तिला म्हटलं, बस इथेच, मला समीकरण पूर्ण करू दे. असे किती रविवार गेले! मी थोडी थोडी पुढे सरकत होते. हळूहळू निम्मा पेपर होऊ लागला. मग त्याहून जास्त.

मात्र घरात कुणीतरी बारीक होत चाललं होतं. बाबा! त्यांचं जेवण तुटलं. पहाटे उठून ओटीवर येरझाऱ्या घालायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी तर सारखे मागच्या दाराने आत-बाहेर.

"परीक्षा तिची, आणि जुलाब यांना!" आईने कपाळावर हात मारला.

परीक्षेच्या दिवशी तरीही ते हट्टाने स्कूटर घेऊन निघाले. मी मागे. त्यांनी ती इतकी सावकाश चालवली की रस्त्याकडेच्या कुत्र्याने भुंकायचं ठरवलं, विचार बदलला आणि परत झोपलं. कॉलेजच्या गेटपाशी स्कूटर लावली आणि बाबा फुटपाथवर मटकन खाली बसले. चेहरा पांढरा, हात गार, श्वास भरभर.

"बाबा! छातीत दुखतंय का?"

"नाही गं... धडधडतंय नुसतं. वेळ जातोय... तू जा."

हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. गार हात, कोरडं तोंड. माझी भीती माझ्या बापाच्या अंगात शिरली होती. मी बॅग टाकली आणि समोर उकिडवी बसले.

"माझ्याकडे बघा. नाकाने श्वास घ्या. तोंडाने हळू सोडा. अजून हळू. पाय टेकवा. आता समोर काय काय दिसतंय ते सांगा."

"रिक्षा... दुसरी रिक्षा... तिसरी रिक्षा..."

"वेगवेगळं सांगा हो!"

"शेअरची रिक्षा... स्पेशल रिक्षा..."

मला हसू फुटलं. मग त्यांनाही. गेटवरचा वॉचमन पाणी घेऊन धावत आला आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, या वयात परीक्षा देताय, केवढी हिंमत! घाबरू नका, पास व्हाल."

बाबांच्या चेहऱ्यावर रंग परतला. मागून रिक्षाने आई-काका पोचले होते. आईने पदराने बाबांचं तोंड पुसलं, काकांनी त्यांना थेट आमच्या डॉक्टरांकडे न्यायचं कबूल केलं आणि बाबा मला म्हणाले, "जा. आता बरं वाटतंय मला. खरंच."

मी धावत हॉलमध्ये शिरले. स्वतःसाठी घाबरायला वेळच उरला नव्हता!

पण भीती विसराळू नसते. पेपर हातात आला आणि ती आलीच. पहिला प्रश्न धूसर झाला. मी पेन खाली ठेवलं. पाय टेकवले. बाक, फळा, पंखा, पुढच्या मुलीची वेणी. श्वास सोडला. पहिला प्रश्न ठेवला बाजूला आणि येत होता तो तिसरा घेतला. हॉलमध्ये इतकी शांतता होती की मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. कुणी भांडत नाही, कुणी प्रार्थना म्हणत नाही! मधे दोनदा अडले. दोन्ही वेळा थांबले, पुन्हा लिहिलं. शेवटी पहिल्या प्रश्नाकडे परत आले तेव्हा तोही ओळखीच्या माणसाने काढल्यासारखा सरळ दिसत होता.

डॉक्टरांनी बाबांना तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे, फक्त पुन्हा कुणाची परीक्षा घेऊ नका.

आणि मी पास झाले. काठावरच, पण पास! बाबांनी निकाल ऐकून मला जवळ घेतलं. मला वाटलं, प्रकरण इथे संपलं.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर भलामोठा फ्लेक्स लागला. विलासकाकांची कामगिरी! ‘फिजिकल केमिस्ट्रीसारख्या अवघड विषयात दुसऱ्याच प्रयत्नात घवघवीत यश! कु. केतकीचे हार्दिक अभिनंदन!’ दुसऱ्याच! मी पहिल्यांदा नापास झाले होते हे तोवर मोजक्या माणसांना ठाऊक होतं. आता वसईला येणारी-जाणारी प्रत्येक रिक्षा ते वाचत होती. वर माझा फोटो, पहिल्या परीक्षेच्या हॉलतिकिटावरचा, मोठा करून पुरुषभर उंच. डोळे विस्फारलेले, ओठ आवळलेले.

मी तोंड लपवून तिथून सटकत होते, तर फ्लेक्सखाली फिलोमावशी मान वर करून उभ्या.

"अभिनंदन गो पोरी," त्या म्हणाल्या. मग पुन्हा वर बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पण नक्की पास झालीस ना? फोटोत तर अजून नापासच दिसतेस!"