आक्कांचा आवाज

रुग्णालयाच्या टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणत. पेशंटना तपासणीची तारीख कळवणं हे त्यांचं काम. पण तारखेआधी गुडघा, झोप, सूनबाई अशी सगळी विचारपूस व्हायची. साहेब कुरकुरायचे, तरी आक्कांनी बोलावलेला माणूस सहसा यायला चुकत नसे.

मग तारखा कळवायला बोलणारं यंत्र आलं. "आपली भेट निश्चित करण्यात आली आहे," एवढं ऐकूनच लोक फोन ठेवून देत. काहींना वाटे, कोर्टाचं समन्स आलं. शेवटी ते यंत्र बनवणारी इंजिनिअर मुलगी आक्कांशेजारी येऊन बसली.

"माझ्या पोटावर पाय द्यायला आलीस का गं?" आक्कांनी सरळ विचारलं.

"नाही हो. त्याला तुमच्यासारखं बोलता आलं पाहिजे. आवाज द्याल तुमचा?"

आक्कांनी थोडे आढेवेढे घेतले, पण मनातून त्या सुखावल्या होत्या. पेशंटची परवानगी घेऊन दोघींनी फोनवरची बोलणी यंत्राला ऐकवली. पहिल्या चाचणीत मात्र ते आक्कांच्याही वरताण निघालं. एका अविवाहित, निवृत्त मास्तरांना त्यानं "सूनबाई काय म्हणतात?" असं विचारलं आणि तारीख सांगायचीच विसरलं. मास्तर तावातावानं काउंटरवर आले. आक्कांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग तेही हसायला लागले आणि आलोच आहे तर म्हणून रक्तदाब तपासून गेले.

"बोलायला शिकवलं, आता गप्प बसायला शिकवू," आक्का म्हणाल्या. "ते मात्र मलाही कुणी शिकवलेलं नाही."

त्यालाच खरा वेळ लागला. समोरचा माणूस घाबरला, रडवेला झाला, की यंत्रानं फोन आक्कांकडे द्यायचा असं ठरलं. आता साध्या तारखा तेच कळवतं, "मी माणूस नाही, यंत्र आहे" असं आधी सांगून. घाबरलेल्यांशी आक्का निवांत बोलतात आणि कुणी कुरकुरत नाही.

परवा त्यांना रांगेत स्वतःचे यजमान दिसले. साखर तपासून घ्या म्हणून त्या कधीच्या कानीकपाळी ओरडत होत्या. हे आपले ढिम्म.

"आज कसे काय आलात?"

"फोन आला होता. किती गोडीनं सांगितलं तिनं."

"अहो, माझाच आवाज आहे तो."

"असेल. पण मी बोलताना ती ऐकून घेते."

इंजिनिअर मुलगी स्क्रीनमागे तोंड लपवून हसत होती. आक्काही हसल्या आणि यजमानांना दंडाला धरून रक्त तपासायला घेऊन गेल्या.