चिंचेने घासलेली शिवराई

पुण्यात माझी बहीण शेवटच्या घटका मोजत होती. इथे परदेशात माझ्या लेकाची नोकरी गेलेली, विमानाचं तिकीट काढणार कशाने? आईने दिलेली एक दुर्मीळ शिवराई तेवढी माझ्याजवळ होती. पापाकुरा या आमच्या उपनगरातल्या जुन्या नाण्यांच्या दुकानदाराने फोटो बघूनच ती घ्यायचं कबूल केलं. आता काळंकुट्ट नाणं कसं न्यायचं, म्हणून मी आपली देवाच्या तांब्यासारखी चिंच-मीठ लावून ती लख्ख केली!

त्याने भिंग लावलं नि कपाळाला हात लावला. "ओह नो डिअर, घासलंत? तो काळा थरच तर हवा होता!"

"अहो, ठेवा ना, होईल परत काळी!"

त्याने मान हलवत नाणं परत माझ्या तळहातावर ठेवलं. बहिणीला तर मी सकाळीच सांगून बसले होते, "निघालेच गं, थांब."